हट्टी, उद्धट की आजारी? : कोठडीतल्या ब्लॅक मुलांच्या मनाविषयी तुमचे प्रश्न

मी शिकागोत बालमनोविकारतज्ज्ञ आहे आणि आठवड्यातले दोन दिवस अल्पवयीनांच्या डिटेन्शन सेंटरमधली मुलं तपासते. त्यांतली बहुतेक ब्लॅक असतात. देशभरातही ब्लॅक मुलं कोठडीत असण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या चौपटीहून जास्त आहे. मराठी सदरात हा विषय कशाला, असं दोघा-तिघांनी कळवलं. खालचे प्रश्न मराठी माणसांनीच पाठवलेत, म्हणून.

ब्लॅक लोकांमध्ये मनाचे आजार उपजतच जास्त असतात असं ऐकलं. खरं का?

नाही. ज्यांच्याकडून ऐकलंत त्यांनाही सांगा.

मी ह्यूस्टनमध्ये मिडल स्कूलला शिकवते. वर्गातला चौदा वर्षांचा एक ब्लॅक मुलगा यंदा तीनदा सस्पेंड झाला. शेवटच्या वेळी शाळेतल्या पोलिसाने त्याला बेड्या घालून नेलं. त्याच्या कागदावर आता ‘कंडक्ट डिसऑर्डर’ लिहिलंय. हा आजार की स्वभाव?

बाई, या दोन शब्दांवर मी तासभर बोलू शकते. थोडक्यात आटपायचा प्रयत्न करते.

कंडक्ट डिसऑर्डर म्हणजे पंधरा वागणुकींची यादी. मारामारी, चोरी, खोटं बोलणं, तोडफोड, घरातून पळणं वगैरे. त्यातल्या तीन गोष्टी वर्षभरात दिसल्या की शिक्का मारता येतो. मूल काय करतं एवढंच ही यादी सांगते. का करतं, याबद्दल ती मुकी आहे. रुग्णाच्या कागदावर नुसतं ‘ताप’ लिहून त्याला घरी पाठवावं, तसा हा प्रकार.

माझ्यासमोर येणारा मुलगा बहुधा असा असतो : पहाटे तीनपर्यंत जागा, दार आपटलं की दचकणारा, पाठीमागे कुणी उभं राहिलेलं न खपणारा. गल्लीत गोळी लागून पडलेला माणूस त्याने जवळून पाहिलेला असतो, कधी तो सख्खा भाऊ असतो. अशा मुलाच्या खांद्यावर मास्तर मागून हात ठेवतात. तो गर्रकन वळून ढकलतो. रिपोर्टमध्ये येतं, ‘शिक्षकावर हल्ला’. त्याच्या झोपेबद्दल कुणी विचारलेलंच नसतं. नैराश्याचंही तेच. मोठं माणूस उदास होऊन कोपऱ्यात बसतं, पोरं चिडचिड करतात. निदानाच्या अधिकृत पुस्तकातही मुलांच्या बाबतीत उदासीऐवजी चिडचिड चालते असं स्पष्ट म्हटलंय. पण तशीच चिडचिड करणारा उपनगरातला गोरा मुलगा एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) निदान, औषधाची गोळी आणि थेरपिस्ट घेऊन घरी जातो, आणि ब्लॅक मुलाच्या वाट्याला ‘कंडक्ट’ नाहीतर ‘ऑपोझिशनल’ (मोठ्यांना सतत विरोध करणारा) हा शब्द येतो. अभ्यासांत हे वारंवार दिसलेलं आहे. एक शब्द दवाखान्याकडे नेतो, दुसरा कोर्टाकडे.

मानसशास्त्रज्ञ फिलिप गॉफ आणि सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवलं की दहा वर्षांपुढच्या ब्लॅक मुलांना लोक त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा कमी निरागस मानतात, आणि गुन्ह्याचा संशयित म्हणून ब्लॅक मुलगा दाखवला तर त्याचं वय सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरतात. म्हणजे तुमचा चौदा वर्षांचा विद्यार्थी त्या पोलिसाच्या डोळ्यांना अठराचा बाप्या दिसला असू शकतो. मुलींची गत वेगळी नाही. आमच्या धंद्याचे हातही स्वच्छ नाहीत. 1851 मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच ‘ड्रॅपेटोमेनिया’ असं आजाराचं नाव दिलं होतं. मनोविकारतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने आपल्या वंशभेदाबद्दल जाहीर माफी मागितली ती जानेवारी 2021 मध्ये. हिशेब तुम्ही करा.

आता तुमचं काम. मुलाच्या वागण्याबद्दल जे खटकतं ते तारखेसह लिहा आणि शाळेच्या स्पेशल एज्युकेशन प्रमुखांना लेखी कळवा. स्टाफरूममधल्या बोलण्याला किंमत नाही. शिक्षकाने अशी ठोस काळजी प्रमुखांपर्यंत पोचवलेली असली, तर त्यानंतरच्या शिस्तभंगाच्या कारवाईत मुलाला अपंग विद्यार्थ्यांचं कायदेशीर संरक्षण मागता येतं, त्याची तपासणी अजून व्हायची असली तरीही. सस्पेन्शनचे दिवस दहाच्या पुढे जाऊ लागले की ‘हे वागणं आजारातून आलं का’ हे ठरवणारी बैठक त्या कायद्याखाली घ्यावी लागते. त्याच्या आईलाही तपासणीची मागणी लेखी करायला सांगा. आणि आघाताच्या परिणामांची जाण असलेल्या बालमानसतज्ज्ञाकडून निदान पुन्हा करून घ्यायला हवं. तो शिक्का बरोबर की चूक हे मी इथून सांगणार नाही, मी मूल पाहिलेलं नाही.

कोर्टात दाखवायला चार तासांचं ऑनलाइन ‘अँगर मॅनेजमेंट’ सर्टिफिकेट घेतलं तर चालेल का?

वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही भरू नका. चार तासांत राग जात नाही, फी जाते.

बाहेर थेरपिस्टची वेटिंग लिस्ट सहा महिन्यांची. निदान कोठडीत तरी या मुलांना फुकट उपचार मिळतात ना?

हे वाक्य मी जजच्या तोंडूनही ऐकलंय. उपचार मिळावेत म्हणून मुलाला आत ठेवणं यासारखी उलटी गोष्ट नाही.

आत गेल्यावर होते ती चाळणी. बऱ्याच ठिकाणी ‘मेसी-2’ नावाची प्रश्नावली वापरतात : 52 प्रश्न, हो किंवा नाही, दहा-पंधरा मिनिटं. चाळणीत अडकलेल्या मुलाला पुढे माणूस भेटेल की नाही, हे त्या इमारतीत किती माणसं नेमलीत त्यावर ठरतं. आमच्याच शहरात लिंडा टेपलिन यांच्या चमूने 1995 ते 1998 या काळात कोठडीतल्या 1829 मुलामुलींना तपासलं. दोनतृतीयांश मुलगे आणि जवळजवळ तीनचतुर्थांश मुली एखाद्या तरी मानसिक विकाराच्या निकषांत बसत होत्या. म्हणजे ही रुग्णालयंच, फक्त डॉक्टर थोडे आणि कुलपं भरपूर.

शिवाय पैशाचा घोळ. मूल आत गेलं की बहुतेक उपचारांसाठी मेडिकेडचे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे, पैसे थांबतात. ही अट 1965 च्या मूळ कायद्यातली. जानेवारी 2025 पासून एक खिडकी उघडली आहे. निकाल लागलेल्या पात्र मुलांची सुटकेआधीच्या तीस दिवसांत, नाहीतर सुटकेनंतर आठवड्याच्या आत तपासणी व्हायला हवी, आणि पुढची सोय लावून देणारा माणूसही मिळायला हवा. खटल्याची वाट बघत बसलेल्या मुलांना हे आपोआप लागू होत नाही. राज्यानं ठरवलं तरच.

आणि वाट बघणं किती लांबतं? कालीफ ब्राउडर या ब्लॅक मुलाला न्यूयॉर्कमध्ये 2010 साली, सोळाव्या वर्षी, पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडलं. रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं गेली, त्यातली दोनेक एकांतकोठडीत. खटला उभाच राहिला नाही. 2013 मध्ये आरोप मागे घेतले. 2015 मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. कोठडीत कुणी उपचार मिळतात म्हणालं की मला तो आठवतो.

तुमच्या ओळखीतलं मूल सुटणार असेल तर सुटण्याआधी तीन गोष्टी मागा : काही दिवसांच्या गोळ्या, लेखी डिस्चार्ज सारांश आणि बाहेरच्या डॉक्टरची पक्की तारीख. ‘फोन करून घ्या’ ही तारीख नव्हे.

शेजारच्या ब्लॅक कुटुंबातला पंधरा वर्षांचा मुलगा वारंवार अडचणीत येतो. आमच्या मंडळातल्या काहींनी वर्गणी काढून त्याला डोंगरातल्या शिस्तीच्या कॅम्पला पाठवायचं ठरवलंय. शुक्रवारपर्यंत पैसे भरले तर फीमध्ये मोठी सूट आहे.

वर्गणी परत करा. मूल म्हणजे पैठणीचा सेल आहे का, शुक्रवारपर्यंत सूट द्यायला?

घाबरवून सुधारणं हे जुनं खूळ. पोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावण्याचा प्रयोग न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगातून 1970 च्या दशकात गाजला. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की तिथे जाऊन आलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करतात. फ्लोरिडात 2006 साली मार्टिन ली अँडरसन हा चौदा वर्षांचा ब्लॅक मुलगा सरकारी बूट कॅम्पच्या पहिल्याच दिवशी पहारेकऱ्यांच्या मारहाणीनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. खासगी कॅम्पवर तर देखरेख आणखी विरळ.

घरात येऊन सगळ्या कुटुंबाबरोबर काम करणाऱ्या ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’ आणि ‘फंक्शनल फॅमिली थेरपी’ या पद्धती तपासून पाहिलेल्या आहेत. काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, त्या मिळतात का, हे मुलाच्या आईने प्रोबेशन ऑफिसरला (कोर्टातर्फे मुलावर देखरेख ठेवणारा अधिकारी) किंवा बालरोगतज्ज्ञाला विचारावं. आईने, मंडळाने नव्हे. तिला विचारलंत का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

ब्लॅक मुलाला ब्लॅक थेरपिस्टच लागतो का?

मुलाला हवा असेल तर शोधावा, पण मिळेलच असं नाही. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांत ब्लॅक डॉक्टर दोन टक्क्यांच्या आसपास. मी पुण्याची, माझ्यापुढे ही मुलं पहिले दोन-तीन आठवडे गप्पच बसतात, आणि ते बरोबरच आहे. पहिल्या वर्षी एकाने विचारलं, “तू वहीत लिहितेस ते जज वाचणार का?” मला उत्तर येत नव्हतं. वही मिटली, त्याच्या वकिलाला फोन लावला, आणि पुढच्या भेटीत आधी उत्तर दिलं.

माझे पती ब्लॅक आहेत. आमच्या सोळा वर्षांच्या मुलाला गेल्या महिन्यात पोलिसांनी पकडून सोडलं. पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख आहे. तो झोपत नाही. परवा म्हणाला, “मी नसलो तर तुमची कटकट मिटेल.” साताऱ्याहून आई म्हणते, तारीख होऊ दे, आत्ता डॉक्टरकडे नेलंस तर नोंद होईल.

ताई, हे वाचत असाल त्याच दिवशी त्याला दाखवा. उद्या नको. आईंना माझा नमस्कार सांगा, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. जीव देण्याचा विचार येतो का, असं त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. घरातली बंदूक बाहेर ठेवायला द्या, औषधाच्या गोळ्या कुलपात घाला, त्याला एकटं ठेवू नका. 988 या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करा. धोका समोर दिसत असेल तर थेट इमर्जन्सीत. ब्लॅक मुलं आत्महत्या करत नाहीत हा समज कधीच खोटा ठरलाय. पाच ते बारा वयोगटात त्यांचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट निघालं.

नोंदीची भीती मात्र अगदीच वेडी नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरशी झालेलं बोलणं साधारणपणे गोपनीय राहतं, जिवाच्या धोक्यासारखे अपवाद सोडून. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल कोर्टात जातो. तेव्हा कुठल्याही भेटीत पहिला प्रश्न हाच, “हे कोण वाचणार?” झोप, भूक, भीती, मरणाचे विचार डॉक्टरला मोकळेपणाने सांगू दे. त्या दिवशी काय घडलं, ते आधी वकिलाला. पोलिसांशी वकिलाशिवाय बोलणं नाहीच. अल्पवयीनांना चौकशीत खोटं सांगून फसवायला पोलिसांना बंदी आमच्या इलिनॉयमध्ये 2022 पासून आहे, पण सगळ्या राज्यांत ती नाही. तुमच्या राज्याचे नियम वकिलालाच विचारा. खासगी परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारने दिलेला बचावाचा वकील, मागा. ते पोरांचे खटले रोज लढतात.

पकडल्यावर मुलाच्या चालू गोळ्या बंद कराव्यात का?

नाही. गोळीचं नाव, डोस, वेळ आणि डॉक्टरचा फोन एका कागदावर लिहून त्याच दिवशी तिथल्या नर्सकडे द्या. कागदाचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी फोन करून गोळी दिली का ते विचारा.