युरोपात किती शहरं घ्यावीत? आमच्या एका जास्तीच्या रात्रीची गोष्ट

तुमचा प्लॅन वाचला आणि बायकोला हाक मारून दाखवला, म्हटलं हे बघ, आपलंच २०१९ परत आलंय. तुमचं म्हणजे चिपळूणहून निघून १३ दिवस, बरोबर आई-वडील, आणि पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, झुरिक, ल्युसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. आठ शहरं! आणि विचारताय की यातलं एखादं कमी करू का. अहो एखादं काय, पाच कमी करा.

मी टूरवाला नाही, रत्नागिरीजवळ पावस गावी आंब्याची बाग आहे, युरोप एकदाच केलाय. तेव्हा माझं म्हणणं एका माणसाचा अनुभव म्हणूनच घ्या. बसने फिरवणाऱ्या ग्रुप टूरचं गणित वेगळं, त्याबद्दल मी बोलत नाहीये.

पहिलं म्हणजे दिवस मोजू नका, रात्री मोजा. १३ दिवसांतले जाण्यायेण्याचे काढले की हॉटेलच्या रात्री उरतात ११. तुम्ही लिहिलेल्या वाटणीत स्वित्झर्लंड ३, इटली ३, फ्रान्स २, हॉलंड २, बेल्जियम १. आता सांगा, या सगळ्या देशांत एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फाइल कुठल्या देशाकडे लावणार? जिथे मुक्काम सगळ्यात जास्त तिथे अर्ज करायचा, आणि असा मुख्य देश ठरत नसेल तर जिथून पहिला प्रवेश तिथे. म्हणजे तुमच्या बाबतीत स्वित्झर्लंड-इटलीची बरोबरी, आणि पहिला प्रवेश फ्रान्स, जिथे तुम्ही दोनच रात्री राहणार. हे काउंटरवरच्या माणसाला समजावत बसायची तयारी आहे का? आमचं घोडं नेमकं इथेच पेंड खाल्लं, म्हणून एवढं लिहितोय.

आमचा मूळ प्लॅन साधा होता. पॅरिस ३, ल्युसर्न ४, रोम ३. आईला बर्फ बघायचा होता, बाकी तिला कशाशीच देणंघेणं नव्हतं, म्हणून ल्युसर्नला जास्त. फाइल अर्थात स्वित्झर्लंडची. आंबा संपला की १० जूनला निघायचं आणि लावणीच्या आत घरी. सगळं ठरलेलं असताना शेजारचे एक काका म्हणाले, इटलीपर्यंत जाऊन व्हेनिस नाही बघणार? झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला. मी पेट्या भरता भरता एजंटला फोन लावला आणि म्हटलं, ल्युसर्नची एक रात्र काढ आणि व्हेनिस टाक. तो म्हणाला, होऊन जाईल साहेब. दोन मिनिटांचा फोन. हॉटेलं बदलली त्याने, पण देश बदलतोय हे त्याच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही. पॅरिस ३, ल्युसर्न ३, इटली ४. वर कव्हरिंग लेटरमध्ये जुनंच, स्वित्झर्लंड ४ रात्री.

एप्रिलचा शेवट, ऐन सीझन, बाग गड्यांवर टाकून तिघं रात्रीच्या गाडीने मुंबईला, व्हिसाच्या अर्ज केंद्रावर. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं, म्हणून आईपण. काउंटरवरच्या मुलीने हॉटेलची व्हाउचरं एकेक उलटली, पेन्सिलीने प्रत्येकावर रात्रींचा आकडा लिहिला, बेरीज केली आणि फाइल माझ्याकडे सरकवली. म्हणे हे इथे नाही होणार. मग कुठे होणार विचारलं तर आम्ही सल्ला देत नाही. आत्ता एक हॉटेल रद्द करून आणतो म्हटलं तर नवीन अपॉइंटमेंट घ्या. अरे बाबा, चूक माझी, मान्य, पण माणसाला एक वाक्य नीट सांगायला काय जातं? आई तिथे खुर्चीत बसून डबा सोडावा की नको विचारतेय. एजंटला फोन केला तर, साहेब मी फक्त बुकिंग करतो. पैसे घेताना मात्र व्हिसा असिस्टन्स असं लिहिलेलं होतं पावतीवर. असो.

पुढची अपॉइंटमेंट मिळाली मे अखेर. तेव्हा अर्ज फार तर तीन महिने आधी करता यायचा, आता २०२० पासून सहा महिने आधी करता येतो, त्याचा फायदा घ्या आणि शेवटच्या १५ दिवसांवर तर अजिबात ठेवू नका. तर जून हुकला. जुलैत लावणी, ऑगस्टात भाडी आवाक्याबाहेर, २ सप्टेंबरला गणपती. गणपतीला घर सोडून कोकणातला माणूस कुठे जाणार? तारीख मिळाली ती विसर्जनानंतरची, म्हणजे भर पितृपक्षात, आणि बाबांची तिथी नेमकी त्यातच. आई म्हणाली तुम्ही जाऊन या. तारखा बदलायचा फरक आणि तिचं वाया गेलेलं तिकीट धरून ५८ हजार गेले, ते एका सीझनला भरून निघतात. आई तेव्हा ७४ची होती, आता जिना उतरायला हात धरावा लागतो. ल्युसर्नजवळच्या टिटलिस डोंगरावर बर्फात उभं राहून तिला व्हिडिओ कॉल लावला तर म्हणाली, थंडी वाजत असेल, कानाला काहीतरी बांध.

व्हेनिस मग काढूनच टाकलं. तीन मुक्कामांतही काही कमी पडलं नाही, कारण शहर बदलायचा दिवस हा दिवस नसतोच. पॅरिस ते ल्युसर्न कागदावर साडेचार तास, बासेलला गाडी बदलायची. प्रत्यक्षात सकाळी नाश्ता अर्धा टाकून बॅगा भरल्या, मेट्रोच्या पायऱ्यांवर एकेक बॅग दोघांनी धरून उतरवली, गार द लियोंला तासभर आधी पोचलो (स्विसच्या गाड्या इथून, ॲमस्टरडॅमच्या गार द्यु नॉरहून, हे आधी बघून ठेवा), आणि ल्युसर्नच्या खोलीत पाय पसरले तेव्हा चार वाजून गेलेले. तुमच्या प्लॅनमध्ये असे सात दिवस आहेत, तेही आई-वडिलांबरोबर. व्हेनिसला तर पुलापुलावर पायऱ्या.

मी असतो तर पॅरिस ३, ल्युसर्न ५, रोम ३. फाइल स्वच्छ स्वित्झर्लंडची. झुरिक ल्युसर्नहून तासाभरावर, त्यासाठी वेगळी रात्र कशाला? फ्लॉरेन्स रोमहून फास्ट गाडीने दीड तास, सकाळी जाऊन रात्री परत. ब्रसेल्सही हवंच असेल तर पॅरिसहून दीड तासाच्या आत आहे. ॲमस्टरडॅम सोडा, वाईट वाटेल पण सोडा. ल्युसर्न ते रोम मात्र जवळजवळ अख्खा दिवस जातो, मिलानला बदलून, तो दिवस कशालाच धरू नका. स्वित्झर्लंड महाग म्हणाल तर खरंय, किचनवाली खोली घ्या आणि सुपरमार्केटातून भाजी-तांदूळ आणा, आम्ही तिथे तीन दिवस पिठलंभात खाल्ला. पीठ, मेतकूट, कोकम न्या, पण दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे, तेव्हा पेढे-खवा घरीच ठेवा.

तिकीट जाताना पॅरिसचं, येताना रोमहून काढा, परत पॅरिसला येण्यात एक दिवस घालवू नका. पॅरिसचा दिवस ठरवताना लूव्हर मंगळवारी बंद असतं. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा इंग्रजीत भाषांतर करून जोडा, नुसत्या इन्कम टॅक्स रिटर्नवरून त्यांना काही कळत नाही. आणि जूननंतर जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा, हायवेवर भरवसा ठेवायचा तर बोलायलाच नको.

नियम बदलत राहतात, त्या त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर एकदा बघून घ्या. नवीन वाटणी केलीत की देशवार रात्री इथेच लिहा, मी बेरीज करून देतो. आणि ती झाल्यावर कुणी काका काही म्हणाले तर फोन उचलू नका.