बेंचवर बसवलंय म्हणून लगेच रिझ्युमे काढू नकोस

अगं, तुझा मेसेज काल रात्री वाचला. जॉइन होऊन महिना झाला, काम कोणी देत नाही, टीम सुट्टीवर, तुला अजून रजा नाही म्हणून रिकाम्या लॅबमध्ये तू एकटीच. नोकरी सोडायचा विचार दोन दिवस बाजूला ठेव आणि पहिला आयसी (म्हणजे चिप, एकाच तुकड्यावरचं अख्खं सर्किट) बनवणाऱ्या जॅक किल्बीची गोष्ट ऐक.

हा माणूस कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड नावाच्या लहानशा गावात वाढला. वडील वीज कंपनी सांभाळायचे, बर्फाच्या वादळात तारा पडल्या की हॅम रेडिओवरून लांबच्या गिऱ्हाइकांशी संपर्क ठेवायचे, ते बघून पोराला रेडिओचं वेड लागलं. एमआयटीच्या एंट्रन्सला ५०० मार्क लागायचे, याला ४९७ पडले. तीन मार्कांनी गेलं! तुझ्या मनाला सीईटी अजून लागून आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय. इलिनॉयला इलेक्ट्रिकल केलं, मग मिलवॉकीत दहाएक वर्षं नोकरी, ती करता करताच मास्टर्स.

१९५८ साली तो डलासला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लागला. तेव्हा ट्रान्झिस्टर लहान झाला होता पण जोडायचं सगळं हातानेच, पार्ट वाढले की सोल्डरचे जोड वाढणार आणि त्यातला एक जरी कच्चा राहिला तरी अख्खं सर्किट बसलं. मी भोसरीला नवा लागलो तेव्हा मलाही कोणी काम देत नव्हतं, मग मी रिजेक्ट बोर्ड घेऊन बसायचो आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हळूहळू ठोकत ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, शोधायचो. ठोकलं की चालू, हात काढला की बंद. एक जॉइंट सापडायला कधी कधी पूर्ण शिफ्ट जायची.

जुलैत सगळी कंपनी सुट्टीवर गेली, किल्बी नवा म्हणून त्याला सुट्टी नाही. कंपनी तेव्हा मायक्रो-मॉड्यूलच्या (सगळे पार्ट एकाच मापाचे करून एकमेकांना जोडायच्या पद्धतीच्या) मागे होती, त्याला ते पटत नव्हतं आणि लोक परत आले की आपल्यालाही त्यातच ढकलणार ही धास्ती होती. म्हणून त्याने आधी खर्चाचा हिशोब मांडला. ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. त्याच्या लक्षात आलं की सेमीकंडक्टरच्या (ट्रान्झिस्टर ज्यापासून बनतो त्या जर्मेनियम-सिलिकॉनसारख्या मालाच्या) कंपनीला स्वस्तात जमतं ते फक्त सेमीकंडक्टर बनवणं, मग रेझिस्टर आणि कपॅसिटरपण त्याचेच का नाही करायचे? सुटा बघितला तर असा रेझिस्टर साध्या कार्बनच्या रेझिस्टरपेक्षा महाग आणि कामाला कमी, त्यामुळे त्या वाटेला फारसं कोणी जात नव्हतं. पण सगळं एकाच तुकड्यात केलं की जोडाजोडीची कटकटच कमी होते. २४ जुलैला त्याने हे वहीत लिहून ठेवलं.

१२ सप्टेंबरला साहेब लोक ऑसिलोस्कोपभोवती (विजेच्या लहरी स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राभोवती) जमले. काचपट्टीवर चिकटवलेला जर्मेनियमचा सेंटीमीटरभर लांबीचा तुकडा, वर सोन्याच्या बारीक तारा कशाही वाकलेल्या, दिसायला अगदी ओबडधोबड. स्विच दिला आणि स्क्रीनवर साइन वेव्ह आली. पहिला चालता आयसी तो हाच.

त्या तारांमुळे ते कारखान्यात बनवायला अवघड होतं, सिलिकॉनवरच धातूची जोडणी करायची युक्ती १९५९ मध्ये फेअरचाइल्ड या दुसऱ्या कंपनीतल्या रॉबर्ट नॉइसने काढली. पेटंटवरून कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या, पण २००० साली नोबेल मिळालं तेव्हा किल्बीने नॉइसची आवर्जून आठवण काढली. नॉइस १९९० मध्येच गेला होता. तुझ्या रिपोर्टमध्ये कोणी मदत केली असेल तर त्याचं नाव असंच घालत जा, विसरून चालणार नाही.

तर आता एक बांधीव वही घे, सुटे कागद नकोत. तुमच्या प्रॉडक्टचा एक बोर्ड माग, पार्ट मोज, प्रत्येकाचा भाव काढ, जोडायला आणि टेस्टिंगला किती मिनिटं जातात ते लाइनवर उभी राहून घड्याळ लावून बघ. सगळ्यात जास्त पैसा कुठे जातोय ते सापडलं की तारीख घालून लिही आणि रविवारी वही घेऊन घरी ये, काकू पोहे करेल, आपण दोघं मिळून बघू.

तुझा काका