डक टेप की डक्ट टेप?

त्या चंदेरी कापडी चिकटपट्टीचं नाव बरोबर काय, डक टेप की डक्ट टेप, आणि डक असेल तर त्यात बदक कुठून आलं, असा प्रश्न आहे. दोन्ही चालतात, पण डक जुना आहे, आणि बदकाचा त्याच्याशी मुळात काही संबंध नाही.

हा डक म्हणजे जाडंभरडं, घट्ट विणीचं सुती कापड. डच भाषेत कापडाला 'दूक' म्हणतात, शिडं आणि खलाशांचे कपडे ज्याचे शिवायचे त्या कापडाबरोबर तो शब्द इंग्रजीत आला. पक्षी डक वेगळा, तो बुडी मारण्यावरून पडलेला शब्द, उच्चार जुळला इतकंच. अशा कापडाच्या नुसत्या पट्ट्यांनासुद्धा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डक टेप म्हणायचे, तेव्हा त्याला गोंद वगैरे काही नसायचा.

चिकटणारी टेप आली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत इलिनॉयमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यात व्हेस्टा स्टाउट नावाची बाई कामाला होती, तिथे काडतुसांच्या खोक्यांना कागदी पट्टी लावून वरून मेण द्यायचे आणि उघडायला पट्टीचं टोक ओढलं की तेच तुटून हातात यायचं, म्हणजे समोरून गोळ्या येतायत आणि शिपाई खोकं सोलत बसलाय. बाईंची दोन मुलं नौदलात. साहेबांना सांगून काही होईना तेव्हा त्यांनी १९४३ साली सरळ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं, कापडी टेप वापरा म्हणून, सोबत आकृती काढून! मग जॉन्सन अँड जॉन्सनने ती बनवली. पाणी बदकाच्या पाठीसारखं ओघळतं म्हणून सैनिकांनी डक नाव दिलं ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण कापडाचा शब्द आधीच होता म्हटल्यावर मला तरी ती मागाहून जुळवलेली वाटते.

युद्धानंतर अमेरिकेत घराघरात गरम-थंड हवेचे पत्र्याचे नळ, म्हणजे डक्ट, बसले, त्यांच्या सांध्यांवर हीच टेप, हिरवटची चंदेरी झाली आणि डक्ट टेप हे नाव रुळलं. आता बोलताना ट-ला ट लागला की एक गळतोच, त्यामुळे डक हा डक्टचा अपभ्रंश असं भल्याभल्यांना वाटतं. त्यात पुढे एका अमेरिकन कंपनीने डक टेप हा ब्रँडच काढला, वर पिवळं बदक, झालं!

तेव्हा लिहा काहीही, फक्त डक्टला ती लावू नका. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत सांधे बुजवायच्या वेगवेगळ्या वस्तू तपासल्या त्यात उष्णतेने हीच सुटली होती, त्या कामाला फॉइल टेप घ्या.