फिल्टरच्या तोंडाशी अडकणारी पिल्ले

प्रश्न : आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी असून तीत गप्पी मासे आहेत. पॉवर फिल्टरवर ताशी 600 लिटर असे छापलेले आहे. माद्या पिल्ले देतात, पण बरीचशी दिसेनाशी होतात आणि काही फिल्टरच्या जाळीला चिकटून मेलेली सापडतात. नुकतीच एक मोठी मादीही तशीच सापडली. फिल्टर बंद ठेवावा का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : फिल्टर बंद ठेवू नये. माशांच्या विष्ठेपासून आणि उरलेल्या अन्नापासून तयार होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू त्यातील स्पंजात वाढतात व त्यांना सतत वाहते पाणी लागते. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, अशा वेळी पाण्याची हालचाल थांबवणे माशांच्या जिवावर बेतू शकते.

पिल्ले अडकतात ती पाणी फार अरुंद वाटेने आत ओढले जाते म्हणून. ताशी 600 लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे 167 घन सेंटिमीटर पाणी. जाळीच्या फटी मिळून 5 चौरस सेंटिमीटर भरत असतील, तर तेथे पाण्याचा वेग सेकंदाला 33 सेंटिमीटर होतो आणि जेमतेम 6-7 मिलिमीटर लांबीच्या पिल्लाला त्याच्याविरुद्ध पोहणे शक्य नसते. त्याच जाळीवर 6 सेंटिमीटर व्यासाचा व 12 सेंटिमीटर उंचीचा पोकळ स्पंज चढवला, तर पाणी सुमारे 226 चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून आत जाते आणि वेग सेकंदाला एक सेंटिमीटरपेक्षाही कमी होतो. मग पिल्ले त्याच स्पंजावर साचलेले बारीक खाद्यकण निर्धास्तपणे टिपताना दिसतात.

स्पंज मत्स्यालयाच्या दुकानातला, जाड छिद्रांचा घ्यावा. भांडी घासण्याचा स्पंज वापरू नये, कारण त्यात साबण किंवा जंतुनाशक असू शकते. तांब्याची जाळीही नको. स्पंज फटींच्या खालपर्यंत घट्ट बसला पाहिजे, कारण कडेला राहिलेल्या फटीतून पिल्लू आत शिरले की ते परत येत नाही. आठवड्यातून एकदा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून धुवावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने जिवाणू मरतात. स्पंज ओढण्यापूर्वी पंप न चुकता बंद करावा, कारण उघड्या पडलेल्या फटीकडे जवळची पिल्ले क्षणात खेचली जातात. बोअरचे जड पाणी गप्पींना मानवते, पण त्याचा क्षार पंपाच्या पंख्यावर बसतो. तो पंखा अधूनमधून पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून, स्वच्छ धुऊन पुन्हा बसवावा.

मोठ्या मादीविषयी मात्र वेगळा विचार करावा लागेल. निरोगी मोठा गप्पी एवढ्या ओढीतून सहज निसटतो. तो जाळीला चिकटलेला सापडला, तर बहुधा आधीच आजारी असतो किंवा मेल्यानंतर तेथे ओढला गेलेला असतो. म्हणून टेस्ट किटने अमोनिया व नायट्राइट तपासावे. दोन्ही शून्य असले पाहिजेत, नसल्यास सुमारे पाव टाकी पाणी बदलावे. दिसेनाशा होणाऱ्या सर्वच पिल्लांचा दोष फिल्टरवर टाकू नये, कारण मोठे गप्पीही ती खातात. पिल्लांना लपण्यासाठी जावा मॉससारखी दाट वनस्पती लावावी.

आपल्या टाकीत काठोकाठ भरली तरी सुमारे 54 लिटर पाणी मावते आणि त्यासाठी तासाला चार ते सहापट प्रवाह पुरतो, त्यामुळे हा पंप मुळातच मोठा आहे. पिल्ले वाढवायची असतील, तर एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर हीच माझी पहिली पसंती राहील. वीज गेल्यावर टाकीतील पाणी नळीतून उलटे पंपात उतरू नये म्हणून नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावा किंवा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा.

प्रश्न : फायटर (बेट्टा) माशाची लांब शेपटी फिल्टरच्या जाळीत अडकून फाटली आहे. काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : वरच्याप्रमाणेच स्पंज चढवावा आणि फिल्टरमधून बाहेर पडणारी धार काचेकडे वळवावी, कारण लांब परांच्या फायटरला जोराच्या प्रवाहात पोहताना फार दम लागतो. पाणी स्वच्छ असेल तर फाटलेली शेपटी हळूहळू भरून येते. मात्र कडा पांढऱ्या किंवा काळ्या पडून झिजू लागल्यास तो संसर्ग समजून उपचार करावेत.