नालीचे पैसे वाढताहेत, आधी हिशेब मागा

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने नालीचं शुल्क महिन्याला 30 वरून 50 रुपये करायचं काढलं आहे. नाली तर सरकारी पैशातून झाली, मग आमच्याकडून वसुली कशाची? (शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

बांधली सरकारी पैशातून, पण उपसायची कोणी? स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या कामांसाठी 5,000 पर्यंत वस्तीच्या गावाला माणशी 280 रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला 660 रुपयांपर्यंत ठरले. तो पैसा बांधकामाचा. गाळ काढणाऱ्यांची मजुरी, ट्रॉलीचं डिझेल, फुटलेली झाकणं हा खर्च कायमचा मागे लागतो. वित्त आयोगाच्या निधीतून काही भागतं, सगळं नाही.

त्यात सांडपाणी वाढलं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांच्या घरात 275 लिटर झालं. त्यातलं साधारण 80 टक्के, म्हणजे 220 लिटर, वापरून बाहेर पडतं. विहिरीवरून डोक्यावर गुंड आणायचे तेव्हा एवढं पाणी सांडायची कोणाची हिंमत होती?

तरीही वाढीला लगेच मान डोलावू नका. समजा गावात 400 घरं आहेत आणि 200च घरं 30 रुपये भरतात. महिन्याला 6,000 जमा होतात. दर 50 केला आणि भरणारी घरं तेवढीच राहिली, तर 10,000. जुन्याच दराने सगळ्यांनी भरले तर 12,000! म्हणून ग्रामसभेत पहिला प्रश्न थकबाकीचा विचारा. थकबाकीदारांत सदस्यांची घरं किती, हेही विचारायला हरकत नाही. वसुली पुरी होऊनही खर्च भागत नसेल, तर मात्र 20 रुपये जास्त द्यावेत, असं माझं मत आहे.

प्रश्न : आमच्याकडे शोषखड्डा आहे, नालीत थेंब जात नाही. माफी मिळेल का? (गृहिणी, अमरावती जिल्हा)

पूर्ण माफी मागू नका, रस्त्याकडेची नाली तुमच्याही दारातलं पावसाचं पाणी नेते. सवलत मात्र जरूर मागा. एकच पाहा : मुरमाड जागेत शोषखड्डा छान चालतो, पण काळ्या मातीत श्रावणात पाणी जिरेनासं होतं आणि खड्डा तुंबून वाहतो. तेव्हा ते पाणी कुठे जातं?

प्रश्न : हरकत कुठे घ्यायची?

ग्रामपंचायतीत, लेखी, सूचनेत दिलेल्या मुदतीच्या आत. पोच घ्या. आकारणी चुकीची वाटली तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.

प्रश्न : सेप्टिक टँकचा उपसा या शुल्कात येतो का?

सहसा नाही, टँकरचे पैसे वेगळे. दोन-तीन वर्षांनी उपसा करून घ्या. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. ‘नेहमीचाच गडी आहे’ म्हणून त्यातून सुटका होत नाही.