अडलेलं आधी, आकडा नंतर

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझ्या हाताखाली सहा एमआर (औषध कंपनीचे प्रतिनिधी), पाच गावं, ग्रुपवर रोज ‘गुड मॉर्निंग’ आणि अंगठे. तरी टीम म्हणून काही उभं राहत नाही आणि उदगीरचा मुलगा राजीनाम्याची भाषा करतोय. ऑनलाइन खेळ घ्यावेत की महिन्यातून एकदा सगळ्यांना सोलापूरला बोलावून जेवण द्यावं, असं तू विचारलंस. जेवण जरूर दे. पण तुझी अडचण तिथे नाहीच.

मुलं तुटली ती अंतरामुळे नाही. तुझं नाव फोनवर दिसलं की तू काय विचारणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं: कॉल (डॉक्टर-केमिस्टच्या भेटी) किती झाले, प्रायमरी (कंपनीकडून स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक विक्रेत्याला, झालेली विक्री) किती आली. त्या प्रत्येकाचं आज काही ना काही अडलेलं आहे. कुणाचा मागच्या महिन्याचा एक्स्पेन्स पास झालेला नाही. कुणाच्या स्टॉकिस्टची एक्स्पायरीची क्रेडिट नोट (मुदत संपलेल्या परत मालाचे पैसे) रखडली आहे, म्हणून तो नवी ऑर्डर देत नाही. कुणाकडे सॅम्पल पोचलेलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, डॉक्टर आपलं औषध लिहायला लागला आणि शेजारच्या मेडिकलमध्ये माल नाही. पेशंट दोन-तीन वेळा चिठ्ठी घेऊन परत आला की डॉक्टर ब्रँड बदलतो आणि त्या मुलाने घातलेल्या सगळ्या फेऱ्या पाण्यात जातात. वर तू त्याला विचारतोस, ‘फॉलो-अप का कमी पडला?’

अडलेलं आधी, आकडा नंतर. मी हे या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

एक वही कर. प्रत्येकाला एक पान: काय अडलंय, कधी सांगितलं, कुणाकडे अडलंय, तू काय केलंस. त्याने सांगितल्यापासून दोन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, मग ते ‘होणार नाही’ असं का असेना. ‘बघतो’ हे उत्तर नव्हे. अकाउंट्सला, डेपोला, सीअँडएफला (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटला) फोन तू लावायचास. एमआरच्या फोनला तिथे कुणी दाद देत नाही, तुझ्या फोनला देतात. तुझ्या पदाचा टीमला झालेला पहिला उपयोग तोच.

फोनची वेळ बदल. संध्याकाळी सातला फोन करतोस ना? त्या वेळी तो ओपीडीबाहेर चार कंपन्यांच्या माणसांबरोबर नंबर लावून उभा असतो. तुझा फोन घ्यायचा की आत जायचं, हा पेच तू त्याच्यावर रोज टाकतोस. रात्री साडेनऊनंतर तो डीसीआर (दिवसाच्या कामाचा अहवाल) भरत असतो, घरचे वाट बघत असतात. सकाळी सव्वानऊला, तो निघायच्या आधी, पाच मिनिटं बोल. पहिला प्रश्न एकच: ‘आज कुठे अडशील असं वाटतं?’ आकडा तुला अ‍ॅपवर दिसतोच, मग तो तोंडी कशाला वदवून घ्यायचा?

अ‍ॅपवरून आठवलं. लोकेशन आणि सेल्फीवर तुझी भिस्त दिसते. तसं केलंस की माणूस अ‍ॅपला खूश करायला शिकतो. दवाखान्याबाहेर उभा राहून कॉल टाकतो, अकरा डॉक्टर आणि चार केमिस्ट कागदावर नीट बसतात. खरं काय ते आरसीपीए, म्हणजे मेडिकलमध्ये येणाऱ्या चिठ्ठ्यांची पडताळणी, सांगतो. महिन्यातून एकदा त्याच्याबरोबर त्याच्या मुख्य डॉक्टरांजवळच्या आठ-दहा मेडिकलमध्ये जा आणि कुणाचं काय लिहिलं जातंय ते काउंटरवर विचार. तेही त्याला सोबत घेऊन. त्याच्या पाठीमागे केमिस्टला फोन लावलास तर संध्याकाळपर्यंत त्याला कळतं आणि मग ती वही कोरीच राहते.

जॉइंट वर्कला (त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे फिरायला) प्रत्येकाला महिन्यात सलग दोन दिवस दे, म्हणजे बारा दिवस. तारखा आधी कळव. अचानक जाऊन पकडायचं हे डोक्यातून काढ. पहिल्या दिवशी केबिनमध्ये तू गप्प. डॉक्टर तुझ्याशी बोलायला लागला तरी विषय त्या मुलाकडे वळव, कारण तू परवा तिथे नसशील, तो असेल. दुसऱ्या दिवशी लागलं तर बोल. दिवसाला एकच सुधारणा सांग, तीही गाडीत. बाहेरच्या बाकावर दुसऱ्या कंपनीच्या पोरांसमोर कधीच नाही. आउटस्टेशनला त्याच्याच लॉजवर उतर. त्याच्या भत्त्यात कसली खोली मिळते ते तुला कळलंच पाहिजे.

टीम जुळते ती एकाचं अडलेलं दुसऱ्याने सोडवलं की. त्यासाठी सोमवारी सकाळी पावणेनऊला पंचवीस मिनिटांचा कॉल ठेव. प्रत्येकाला तीन मिनिटं: मागच्या आठवड्यात डॉक्टरने विचारलेला एक प्रश्न, ज्याचं उत्तर आलं नाही. बाकीच्यांपैकी कुणाला येत असेल तर त्याने द्यायचं. नवा मुलगा आधी बोलेल, तू शेवटी, आणि त्या कॉलवर आकडे नाहीत. कॉल चालवायचं काम आळीपाळीने दे. शिवाय लातूरचा आणि उदगीरचा मुलगा दोन महिन्यांतून एकदा एकमेकांच्या गावात दिवसभर काम करू देत. पण ते टूर प्रोग्रॅममध्ये आधी मंजूर करून घे. नाहीतर भत्ता कापला जाईल आणि पुन्हा कुणी जाणार नाही.

ग्रुपवर रोज टाकतोस ती क्रमवारी बंद कर, आजच. सोलापूर-लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, बार्शीत कर्करोगाचं मोठं रुग्णालय आहे. उदगीरच्या मुलाची यादी बहुतेक जनरल प्रॅक्टिशनर आणि बीएएमएस डॉक्टरांची. तो सहावाच येणार. रोज पाचजणांसमोर सहावा येणारा माणूस टीमचा कसा होईल? तुलना करायचीच तर त्याच्याच मागच्या तीन महिन्यांच्या सेकंडरीशी (स्टॉकिस्टकडून मेडिकलला झालेल्या विक्रीशी) कर आणि ती त्याला एकट्याला पाठव.

पंचवीस तारखेनंतर वरून दडपण येईल, ते तसंच खाली ढकलू नकोस. स्टॉकिस्टकडे महिनाभराच्या सेकंडरीइतका माल असताना आणखी भरलास तर या महिन्याचं अचीव्हमेंट दिसेल, पुढच्या महिन्यात ऑर्डर येणार नाही आणि काही महिन्यांनी तोच माल एक्स्पायरी होऊन परत येईल. तेव्हा क्लोजिंगचा (स्टॉकिस्टकडच्या शिल्लक मालाचा) कागद घेऊन तू आरएसएमशी, तुझ्या वरच्या साहेबाशी, भांड. ‘काहीही कर, पण आकडा आण’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नकोस. मार्च २०२४ मध्ये आलेल्या यूसीपीएमपीनुसार (औषध कंपन्यांच्या विपणनाच्या आचारसंहितेनुसार) डॉक्टरला वैयक्तिक भेटवस्तू देता येत नाही, एका औषधाची वर्षाला १२ पेक्षा जास्त सॅम्पल पॅक एका डॉक्टरला देता येत नाहीत आणि कुणाला किती दिली याची नोंद ठेवावी लागते. ‘काहीही कर’ म्हणालास की नियम मोडायची जोखीम त्या मुलावर टाकून तू मोकळा झालास.

मी पोरांना डोक्यावर बसवतो, असं माझ्याबद्दल वरच्या मीटिंगांत बोललं जायचं. बोलू देत. टार्गेट मोठं म्हणून नोकरी सोडणारे मला फार थोडे भेटले. अडचण सांगून सांगून थकलेले, मग सांगणंच बंद केलेले आणि एक दिवस मेल टाकून गेलेले पुष्कळ. त्यांच्यातले काही फार चांगले होते, ते अजून सलतं. म्हणून या एका गोष्टीत मी कुणाचं ऐकत नाही, तुझंही ऐकणार नाही. अडलेलं आधी.

उदगीरच्या मुलाशी राजीनाम्याबद्दल अजून बोलू नकोस. त्याचा दोन महिन्यांचा एक्स्पेन्स अडलाय, हे तुझ्याच मेसेजमध्ये सातव्या ओळीत आहे आणि तू ते ओझरतं लिहून पुढे गेलास. उद्या दहाला अकाउंट्सला फोन कर. बिलात त्रुटी असेल तर नेमकी कोणती ते लिहून घे, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून घे, पैसे जमा व्हायची तारीख घे. मग त्याला फोन कर आणि फक्त तारीख सांग.

तुझा,
दादा

ता. क. पंढरपूरच्या मुलाचा टूर प्रोग्रॅम आषाढीच्या आठवड्यात नेहमीसारखा ठेवलायस. त्या दिवसांत गावात गाडी शिरत नाही आणि डॉक्टरांना एमआरसाठी सवड नसते. ते दिवस त्याला सांगोला-मंगळवेढ्याकडे दे आणि मंजुरी आत्ताच घे.