आजीच्या गावचा हवामानाचा तक्ता

प्रिय चिऊ,

सकाळी दप्तर पाठीला लावता लावता तू विचारलंस, "बाबा, आमच्या वर्गात रोज हवामानाच्या तक्त्यावर चित्र लावतात. सूर्य, ढग, पाऊस, वारा, बर्फ. आजीच्या गावाला तक्ता असता तर कोणतं चित्र लावलं असतं? आणि आमच्या पावसाचा चेहरा रडका का? आबाजी तर फोनवर पाऊस आला म्हणून खुश होते!" तेव्हा बस सुटत होती, म्हणून आता सावकाश लिहितो. जोडाक्षर अडलं की आईकडून वाचून घे.

बर्फाचं चित्र आधी काढून टाक. यवतमाळ जिल्ह्यात त्याला काही काम नाही. त्या जागी गारा लाव. त्या बरेचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतात, ऐन चना-गहू काढणीला आल्यावर. लेकरं वेचून तोंडात टाकतात आणि मोठी माणसं ओसरीत गप्प उभी राहतात.

सूर्याचं एकच चित्र मात्र पुरणार नाही. डब्लिनमध्ये ऊन पडलं की तुम्ही सगळे मैदानात पळता. आजीच्या गावाला मे महिन्यात सगळे घरात पळतात. पारा ४५ अंशांवर जातो. विदर्भाला समुद्र दोन्हीकडून लांब, त्यामुळे गारवा आणणारा वारा तिथवर पोचत नाही. वायव्येकडून येतो तो कोरडा आणि तापलेला. दुपारी गावात कूलरचा आवाज तेवढा ऐकू येतो. बाहेर जायचंच झालं तर आबाजी डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळतात आणि खिशात कांदा टाकतात. कांद्यावर माझा काही विश्वास नाही. खरं काम करतो तो दुपट्टा, आणि निघताना प्यायलेलं कैरीचं पन्हं.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. तिथून नऊ दिवस नवतपा. तेव्हा आजी म्हणते, "तपू दे, तपल्याबिगर पानी येत नाही." तिचं खरं आहे. जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा आत येते. त्या ओल्या हवेचाच पुढे पाऊस होतो.

(डिसेंबरातला सूर्य हसराच काढ. तेव्हा आजी उन्हात बाज टाकून तुरीच्या शेंगा सोलते, आणि निम्मे दाणे शेजारची पोरं खातात.)

आता पाऊस. डब्लिनमध्ये वर्षभरात साधारण ७५० मिलिमीटर पडतो, बारा महिने थोडाथोडा. विदर्भात जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत सरासरी ९०० च्या वर पडतो. इथे आज नाही तर उद्या येईलच. तिथे जूनमध्ये चुकला की वर्षाचं गणित चुकतं.

७-८ जूनला मृग लागतो. पहिल्या सरीनंतर काळ्या मातीतून लालभडक मखमली किडे वर येतात, मसुराच्या दाण्याएवढे. तो मृगाचा किडा. हातावर घेतला की पाय मिटून गप्प पडून राहतो. पाय मोजलेस तर आठ भरतील, कारण तो कोळ्याच्या नात्यातला आहे.

पाऊस आला की लगेच पेरत नाहीत. आबाजी वावरात जाऊन मातीत हात खुपसतात, ओल किती खोल गेली ते बघतात, मूठभर माती दाबून तिचा गोळा होतो का ते पाहतात. कृषी विद्यापीठवाले सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, मग पेरा. घाईनं सरकी टोबली आणि पावसानं दडी मारली, तर कोंब जळतात आणि बियाणं पुन्हा विकत आणावं लागतं. ती दुबार पेरणी. म्हणून परवा आबाजी एवढे खुशीत होते: पाऊस झाला, आणि ओल खोलवर गेली.

पण त्यांचाही पावसाचा चेहरा रोज हसरा नसतो. जुलैत झड लागते, चार-चार दिवस पाणी थांबत नाही. काळ्या मातीत पाय रुततो, तण काढायचा डवरा चालत नाही, तण माजतं. तेव्हा सगळे उघाडीची वाट बघतात. दिवाळीच्या आधी, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फुटलेली आणि सोयाबीनची गंजी वावरात पडलेली असताना पाऊस आला, की तुमच्या तक्त्यावरचा रडका चेहरा बरोबर लागू पडतो. कापूस काळा पडतो, सोयाबीनला गंजीतच कोंब फुटतात.

विजेचं चित्रही हवं, आणि त्याखाली लिही: गडगडाट ऐकू आला की घरात. झाडाखाली मुळीच नाही.

तुला सगळ्यात आवडेल ती गोष्ट शेवटी ठेवली आहे. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, गाढव, उंदीर, कोल्हा, मेंढा, घोडा. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पाऊस भरपूर. कोल्हा, मेंढा निघाला तर आबाजींचं तोंड उतरतं. हे सारं आकडेमोडीनं आधीच ठरलेलं, ढगाला त्याचा पत्ता नसतो. आबाजींनाही ते ठाऊक आहे. पंचांग वाचून झालं की तेच मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज बघतात.

मृगानंतर आर्द्रा लागतं, २२ जूनच्या सुमारास. रविवारी फोन करशील तेव्हा यंदा त्याचं वाहन कोणतं ते आबाजींना विचार आणि चित्र काढून तक्त्यावर लाव. म्हैस निघाली तर शिंगं इथल्या गाईसारखी आखूड काढू नकोस. नागपुरी म्हशीची शिंगं लांब असतात, पार मागे खांद्यापर्यंत वळलेली.

तुझा,
बाबा